दापोलीजवळचं तयार हॉलिडे होम विकत घ्यावं का? माहिती आणि अनुभव हवेत

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

दापोली-हर्णे रस्त्यापासून थोडं आत, एका वाडीच्या कडेला एक तयार हॉलिडे होम विकायला निघालं आहे. मालक मुंबईचे, मुलं परदेशी, वयामुळे त्यांचं येणं-जाणं थांबलं म्हणून काढतायत. घर २०१९ मध्ये बांधलेलं. ११ गुंठे बिनशेती जागा, चार खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम, मोठा हॉल, हॉलची पश्चिमेकडची भिंत पूर्ण काचेची, मागच्या अंगाला छोटा स्विमिंग पूल आणि वर सपाट स्लॅब. गच्चीत उभं राहिलं की माडांच्या वर समुद्राची निळी रेघ दिसते. फर्निचर, एसी, इन्व्हर्टर, भांडीकुंडी सगळ्यासकट १ कोटी ६५ लाख मागतायत. शेजारची ८ गुंठे हापूसची बाग मालकांच्या चुलतभावाच्या नावावर आहे. "तीही घ्या, आत्ता साठेखत (पुढे विकण्याचा करार) करू, पुढे बघू" असं म्हणणं आहे. तिचे वेगळे १२ लाख.

आम्ही दोघं पुण्यात. नवरा लवकरच निवृत्त होतोय. कोकणात आमचं कोणी नाही. माझं माहेर बार्शीकडचं, तिथल्या सातबाऱ्यावर भावांबरोबर माझंही नाव आहे. बेत असा की दोन खोल्या आपल्याला ठेवायच्या, दोन पाहुण्यांना द्यायच्या आणि हळूहळू वर्षातले सहा-सात महिने तिथेच राहायचं. एजंटच्या म्हणण्यानुसार घर स्वतःचा खर्च भागवून वर्षाला आठ-दहा लाख हातात देतं.

घर मनात भरलंय हे उघड सांगते. पण आयुष्यभराची पुंजी आहे. कागद कुठले बघायचे, पावसाळ्यात अशी घरं कशी राहतात, पाहुण्यांचा हिशेब खरा किती, हे जाणकारांनी सांगावं.

तिठा

मी दापोलीचाच. ताई, भाग उत्तमच आहे. आसूदचं केशवराज, हर्णैचा मासळीचा लिलाव, सुवर्णदुर्ग, महर्षी कर्व्यांचं मुरूड, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, सगळं हाताशी. तुम्ही घर कुठल्या महिन्यात पाहिलंत?

सोनचाफा

डिसेंबरच्या शेवटी.

तिठा

मग अजून अर्धंच घर बघितलंत. एकदा एप्रिल संपता संपता जा आणि विहिरीत डोकावा. एकदा जुलैत जा आणि रात्री मुक्काम करा. मालक खरे असतील तर नाही म्हणणार नाहीत.

सातबारा

महसुलाच्या कामांशी रोजचा संबंध येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बागेचं बोलू, कारण धोका तिथे जास्त आहे. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर आहे, तेव्हा तुम्ही शेतकरी ठरता आणि हा अडथळा तुमच्यापुरता सुटतो. मात्र खरेदी तुमच्याच नावावर व्हायला हवी. यजमानांचं नाव घालायचं तर त्यांचा शेतकरी असल्याचा पुरावा वेगळा लागेल.

त्यापुढे तुकडेबंदी येते, म्हणजे शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडून विकायला मनाई. मूळ कायदा १९४७ चा. ऑगस्ट २०२३ मध्ये हे किमान, म्हणजे प्रमाणभूत, क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरलं. तुमची बाग ८ गुंठ्यांची. ती आधीपासून स्वतंत्र गट नंबराची आहे की मोठ्या गटातून ८ गुंठे तोडून देतायत, यावर सगळं अवलंबून आहे. तोडून देत असतील तर खरेदीखत सरळ नोंदवलं जाणार नाही, आणि म्हणूनच साठेखताची भाषा चालली आहे असं मला वाटतं. साठेखताने मालकी येत नाही. चुलतभावाच्या पश्चात त्यांच्या वारसांनी हात वर केले तर १२ लाखांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. बाग आत्ता व्यवहारातून बाहेर ठेवा.

आता घर. जागा बिनशेती आहे असं मालक म्हणतात, एवढ्यावर थांबू नका. अकृषिक (बिनशेती) आदेश आणि त्याची सनद हातात घेऊन वाचा. बिनशेती कशासाठी झाली, निवासी की वाणिज्य? आदेशातल्या अटी कुठल्या? मग मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पुरं झाल्यावर वापराची मिळणारी परवानगी). पूल त्या मंजूर नकाशात दाखवलेला आहे का, हेही बघा. पुष्कळ ठिकाणी घर मंजूर असतं आणि पूल, मागची खोली, गच्चीवरची शेड नंतर चढवलेली असते.

आणि एक गैरसमज वारंवार दिसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद आहे आणि घरपट्टीच्या पावत्या आहेत, म्हणजे बांधकाम अधिकृत, असं लोक धरून चालतात. घरपट्टी ही करआकारणी आहे. तिने बांधकामाला परवानगी मिळत नाही.

सातबारा नुसता आजचा बघू नका. जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा, मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. कोकणात एका गटाला वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचं आहे. अर्धे वारस मुंबईत, कोणी बडोद्याला, कोणाचा पत्ताच नाही. बिनशेती होण्याआधी ही जमीन मालकांकडे वाटपाने आली की खरेदीने, आणि तेव्हा सगळ्यांच्या सह्या होत्या का, ते फेरफारांतून कळेल. इतर हक्काच्या रकान्यात काय आहे ते इथे टाकाल का? नावं झाकून टाका.

सोनचाफा

खूप आभार. एजंटने पाठवलेल्या उताऱ्यात इतर हक्कात "विहिरीत सामाईक हक्क" असं दिसतंय. बाकी काही नाही. सनद मागितली आहे. समुद्र सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटरवर असावा, सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या बंधनांचा, प्रश्न येईल का?

सातबारा

एवढ्या अंतरावर समुद्राच्या बाजूने येणार नाही. पण भरतीचं पाणी चढणाऱ्या खाडीच्या काठालाही तोच नियम असतो. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढं अंतर, यातलं जे कमी ते धरलेलं आहे. २०१९ च्या अधिसूचनेत ते ५० मीटरवर आलं. जवळून खाडीचा फाटा जात असेल तर कुठला नकाशा लागू आहे ते लेखी घ्या. नसेल तर हा विषय सोडून द्या. विहीर सामाईक आहे ही मात्र मोठी गोष्ट आहे. तिठा सांगू शकतील.

जांभाचिरा

मी सिव्हिल इंजिनिअर, चिपळूण-गुहागर-दापोली पट्ट्यात घरं बांधतो आणि दुरुस्तही करतो. काचेची भिंत पश्चिमेला आणि वर सपाट स्लॅब, हे वाचून लिहायला बसलो.

दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. तो वरून पडतो तेवढाच बाजूने येतो, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर. आपल्याकडची जुनी घरं उतरत्या कौलांची, पुढे दोन-तीन हात पागोळी काढलेली असायची. पावसाच्या तोंडची भिंत झापं (विणलेल्या झावळ्या) बांधून झाकायचे. जांभा, आपल्याकडचा तांबडा दगड, पाणी पितो. सतत भिजत राहिला की आतल्या गिलाव्याला ओल येते, रंगाला फोड येतात, मग बुरशी. तुमच्या घराचं बांधकाम जांभ्याच्या चिऱ्याचं असेल तर पश्चिम आणि दक्षिण भिंतीला आतून हात लावून बघा. नवा रंग काढलेला दिसला तर कधी काढला ते विचारा.

काचेच्या भिंतीत काच टिकते, गळते ती चौकट. खाली सिलिकॉन भरलेलं असतं ते उन्हाने काही वर्षांत सुटतं, आणि पाऊस आडवा आला की हॉलमध्ये पाणी. बाहेर किमान पाच फुटांचं छप्पर पुढे काढावं लागेल. सपाट स्लॅबवर लोखंडी सांगाडा घालून पत्रे टाकणं हा कोकणातला सर्रास उपाय आहे. दिसायला साधं, पण स्लॅब वाचतो. तुम्हाला गच्चीतून दिसणारा समुद्र मग पत्र्याखाली उभं राहून बघावा लागेल, हे आधी मनाशी ठरवा. सांगाडा मात्र नीट जोखून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडे जमिनीवर आलं तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांत पत्रे पानांसारखे उडाले होते. केळशी-आंजर्ल्याच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. तुमचं घर त्याच्या आदल्या वर्षी बांधलेलं. तेव्हा काय पडलं, काय बदललं, हे मालकांना विचारा. वाडीतल्या माणसांनाही वेगळं विचारा.

पूलचं बोलायचं तर कातळात खोदलेला आणि भरावावर बांधलेला यात जमीन-अस्मानाचा फरक. उतारावर भराव घालून बांधला असेल तर दोन पावसाळ्यांत कडेला तडे दिसायला लागतात. पाणी भरून, पंप बंद करून, चोवीस तासांनी पातळी बघा. पाण्याचा स्रोत सामाईक विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये तो पूल भरणार कशाने, हाही प्रश्न आहे.

समुद्री हवेने एसीचं बाहेरचं युनिट लवकर खातं. २०१९ ची यंत्रं असतील तर त्यांची किंमत शून्य धरा. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्याही तशाच. वाळवीचं बघा, विशेषतः लाकडी चौकटी आणि कपाटांच्या पाठी. सेप्टिक टँकचं शोषखड्ड्याचं तोंड विहिरीपासून निदान साठ फूट लांब असायला हवं. स्वतः टेप लावून मोजा.

माझ्या अंदाजाने छप्पर, चौकटी, बाहेरून पाणीरोधक काम, वायरिंगची तपासणी, नवे एसी धरून पहिल्या वर्षी पंधरा-अठरा लाख बाजूला हवेत. हा आकडा किमतीत घासाघीस करताना मांडता येईल.

रातांबा

आंजर्ल्याच्या बाजूला आम्ही घरीच पाहुणे घेतो. सासूबाई, मी आणि गावातल्या दोघीजणी. एजंटचे आठ-दहा लाख कुठून आले ते कळत नाही, म्हणून सोनचाफाताईंच्या बेताचाच हिशेब मांडते.

दोन खोल्या. वर्षाचे ५२ शनिवार-रविवार, प्रत्येकी दोन रात्री, म्हणजे २०८ खोली-रात्री. ३,५०० रुपये दर धरला आणि एकही रात्र रिकामी गेली नाही तरी ७ लाख २८ हजार. पण तसं होत नाही. परीक्षांचे दिवस, पितृपक्ष, जुलैचे अतिवृष्टीचे इशारे, ताम्हिणीत दरड, आंबेतच्या पुलाची दुरुस्ती, यातल्या कशानेही आठवडा कोरडा जातो. निम्मे धरा, ३ लाख ६४ हजार. दिवाळी, नाताळ, मे महिना यांतले मधले वार मिळून आणखी तीस रात्री, दोन्ही खोल्या, ४,००० दराने २ लाख ४० हजार. एकूण ६ लाखांच्या घरात.

आता जाणारे पैसे. घरात राहणारं जोडपं, महिना १८ हजार, वर्षाला २ लाख १६ हजार. वीज महिना सरासरी ८ हजार. चादरी-टॉवेल धुणं, पूलची औषधं, बागेचं पाणी मिळून महिना ५ हजार. पावसाआधीची आणि नंतरची डागडुजी १ लाख. बुकिंगच्या संकेतस्थळांचं कमिशन ४०-४५ हजार. बेरीज ५ लाख १७ हजारांच्या आसपास. हाती ८०-९० हजार. हेच १ कोटी ६५ लाख सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ९ लाख ९० हजार व्याज येतं. मी घेऊ नका म्हणत नाही. राहण्यासाठी घ्या, उत्पन्नासाठी घेऊ नका, एवढंच.

दुसरं. न्याहारी-निवास किंवा होमस्टे म्हणून नोंदणी करायची तर त्या योजनांचा गाभाच असा की मालकाचं कुटुंब तिथे राहतं. तुम्ही पुण्यात आणि घर सांभाळणाऱ्याच्या ताब्यात, असं चालवलं तर ते व्यावसायिक झालं. मग जागेची निवासी बिनशेती, विजेचा दर, सगळे प्रश्न उभे राहतात. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी हवी. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, रजिस्टर नीट ठेवावं लागतं.

आणि माणूस. सगळं यावर येऊन थांबतं. आमच्याकडे पाहुणे परत येतात ते सासूबाईंच्या हातच्या आंबोळीसाठी आणि सोलकढीसाठी, त्यांच्याशी होणाऱ्या गप्पांसाठी. खोलीतल्या टीव्हीबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही. तुमच्या घरात आत्ता कोण राहतं? मालक बदलल्यावर ते राहणार आहेत का? त्यांच्याशी मालकांच्या पाठीमागे नाही, समोरच, पण नीट बसून बोला. पगार वेळेवर मिळतो का, पावसात ते कुठे झोपतात, त्यांची मुलं कुठल्या शाळेत जातात. घराची खरी हकिकत त्यांनाच ठाऊक असते.

दूरदेशी

मी मस्कतला असतो. असंच एक घर गुहागरजवळ घ्यायच्या विचारात होतो. वरचे दोन प्रतिसाद वाचून थांबलोय. तरी एक विरुद्ध बाजू मांडतो. सगळं व्याजाने मोजलं तर कोणीच गावात घर घेणार नाही. ताई तिथे राहायला जाणार आहेत. निवृत्तीनंतरची पहिली दहा-पंधरा वर्षं हात-पाय चालतात, तीच अशी घरं उपभोगायची. हॉस्पिटल किती लांब, एवढं मात्र बघा.

तिठा

दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी डॉक्टरही चांगले आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेला चिपळूणकडचं डेरवणचं रुग्णालय, नाहीतर मुंबई-पुणे गाठावं लागतं. रेल्वेसाठी खेड, घाटाच्या रस्त्याने तासाभराचं अंतर.

विहिरीबद्दल. सामाईक विहीर म्हणजे तिच्यावर आणखी काही घरांचं पिणं चालतं. जांभ्याच्या कातळात पाऊस धो धो पडतो आणि वाहून जातो, मार्चपासून पातळी उतरते. आमच्याकडे काही वाड्यांना मेमध्ये टँकर येतो. अशा वेळी एका घरात निळा पूल भरलेला आणि शेजारची बाई हंडा घेऊन वाट बघतेय, हे चित्र मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यावरून झालेली भांडणंही. ताई, पूल नको. बुजवा किंवा पावसाचं पाणी साठवायला टाकी म्हणून वापरा. वाडीच्या बैठकीत हे आधीच सांगितलंत तर लोक तुम्हाला पहिल्या दिवसापासून आपलं मानतील.

आवाजाचंही तसंच. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, २००० पासूनची. पण शनिवार-रविवारी येणारे गट ते पाळत नाहीत आणि मालक फोन उचलत नाहीत. बाटल्या आणि प्लॅस्टिक पऱ्ह्यात (ओढ्यात) जातं, पऱ्ह्याचं पाणी खाली शेतात. याच किनाऱ्यावर वेळास-आंजर्ल्याला लोक रात्र रात्र जागून समुद्री कासवांची अंडी राखतात. त्याच मुलुखात बाहेरून आलेली घरं कचरा सोडून जातात, हे मनाला लागतं. म्हणून राहणारी माणसं घर घेतायत म्हटल्यावर आम्हाला बरंच वाटतं. कुलूप लावलेले बंगले आता जिकडेतिकडे झालेत.

सोनचाफा

सगळे प्रतिसाद छापून घेतले आणि परत जाऊन आलो. दोन रात्री तिथेच राहिलो. काय काय दिसलं ते लिहिते.

सनद मिळाली, बिनशेती निवासी आहे. नकाशात घर आहे, पूल नाही. पश्चिम भिंतीला आतून हात लावला तर खालच्या दोन फुटांत रंग भुसभुशीत लागतो. शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम पस्तीस फूट निघाला. घर सांभाळणारं जोडपं शेजारच्याच वाडीतलं, अतिशय मायाळू, त्यांना राहायचंय. त्यातल्या बाईंनी सांगितलं की निसर्ग वादळाच्या वेळी काचेची एक फळी फुटून हॉल भरला होता. मालकांनीही ते लपवलं नाही, दुरुस्तीची बिलं दाखवली. त्यांच्याबद्दल मला आदर वाटला.

एक नवीन गोष्ट कळली. डांबरी रस्त्यापासून गेटपर्यंतचा शंभरेक फुटांचा रस्ता चुलतभावाच्या त्याच बागेतून जातो! सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही, कुठला करार नाही. आजवर घरातलंच म्हणून चाललं. आता बाग घेतली नाही तर रस्ता जातो, आणि बाग तर घेता येत नाही. काय करावं?

सातबारा

बाग घ्यायची गरज नाही. चुलतभावांनी तेवढ्या पट्ट्यावर तुम्हाला आणि तुमच्या वारसांना जाण्या-येण्याचा कायमचा हक्क द्यायचा. रुंदी, लांबी, नकाशा आणि चतुःसीमा घालून तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आणि मग तलाठ्याकडून इतर हक्कात चढवून घ्यायचा. रुंदी निदान बारा फूट मागा. पाण्याचा टँकर आणि वेळ पडली तर अग्निशमनची गाडी आत यायला हवी. त्यांच्या सातबाऱ्यावर आणखी कोणाची नावं असतील तर त्या सगळ्यांच्या सह्या लागतील. वापरात असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण घर घेण्याआधीच त्या भरवशावर राहू नये.

क्रम असा ठेवा. आधी रस्त्याचा दस्त, त्याचा खर्च विकणाऱ्याने करावा. मग भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज मालकांच्या नावाने. मोजणीत खुणा पक्क्या झाल्या की मगच साठेखत आणि बयाणा. रक्कम ५० लाखांच्या वर आहे, तेव्हा एक टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा आहे. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. मुद्रांक शुल्क मात्र व्यवहाराची रक्कम आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेली किंमत) यांतलं जे जास्त त्यावर बसेल.

जांभाचिरा

शोषखड्डा पस्तीस फुटांवर म्हणजे तो हलवावाच लागेल, आणि विहिरीचं पाणी तपासून घ्या. दापोली-रत्नागिरीकडे तपासणी होते. पूल नकाशात नाही हे ऐकून बरं वाटलं, तिठांची टाकीची सूचना आता सोपी झाली. वर झाकण, गच्चीवरच्या पत्र्याचं पाणी गाळून त्यात. मेमध्ये पिण्याला नाही तरी वापराला दीड-दोन महिने पुरेल. मोजमाप पाठवा, किती लिटर बसेल ते सांगतो.

सोनचाफा

पूल आतून २२ बाय ११ फूट, खोली सगळीकडे साडेचार. मालकांना रस्त्याच्या दस्ताचं सांगितलं. ते चुलतभावांशी बोलतायत, गणपतीत सगळे गावी असतील तेव्हा सह्या होतील म्हणाले. तोवर बयाणा देणार नाही असं आम्ही स्पष्ट केलंय आणि त्यांनी ते मान्य केलंय. जुलैत चार दिवस भाडं देऊन तिथे राहणार आहोत.

जांभाचिरा

२२ गुणिले ११ गुणिले साडेचार, म्हणजे १,०८९ घनफूट. साधारण ३० हजार ८०० लिटर. वरचा अर्धा फूट मोकळा सोडा, २७ हजार धरा.

रातांबा

जुलैत येताना ताम्हिणीतून दिवसाउजेडी या. आणि एक दिवस आमच्याकडे जेवायला.